शेजारणींना घरी डेमोला बोलवायचंय, आमंत्रण कसं देऊ? (नागपूर)

बेसावाली
नमस्कार मंडळी. बेसा रोडला नवीन फ्लॅट स्कीममध्ये राहायला येऊन आम्हाला वर्षही नाही झालं, आणि आता मी किचनचे डबे-बाटल्या विकणाऱ्या एका डायरेक्ट सेलिंग कंपनीची कन्सल्टंट झाली आहे. सामान मला स्वतःला आवडतं, घरी वापरते, म्हणूनच हे काम घेतलं. आता पहिली पार्टी ठेवायची आहे, म्हणजे स्कीममधल्या बायकांना घरी बोलवायचं, डेमो द्यायचा, चहा-नाश्ता, ज्यांना पाहिजे त्या ऑर्डर देतील. माझी वरची लीडर सांगून राहिली की विक्रीचं आधी बोलूच नको, नुसतं 'चहाला या' म्हण, एकदा आल्या की घेतातच. मला हे पटून नाही राहिलं. याच बायका रोज लिफ्टमध्ये भेटतात, मुलं एकाच स्कूल बसने जातात, उद्या मला पाहून कोणी जिन्याने जायला लागलं तर? निरोप कसा लिहू, वेळ कोणती ठेवू, खायला काय करू, उधारी द्यायची की नाही, सगळंच सांगा. आणि संक्रांत जवळ आली आहे, हळदीकुंकवातच डेमो उरकला तर चालेल का?

त्रिमूर्तीनगरची काकू
बेटा, तुझं मन बरोबर सांगून राहिलं, लीडरचं ऐकू नको. मी हे काम बरीच वर्षं केलंय. निरोपात पहिल्याच ओळीत लिहायचं की डब्यांचा डेमो आहे आणि विक्रीही आहे. त्याने कमी बायका येतात हे खरं, पण ज्या येतात त्या पाहायच्या मनाने येतात, आणि ज्या नाही येत त्या तुझ्यावर नाराज तर नसतात. चहाचं सांगून बोलावलं तर एकदा घेतील लाजेकाजेने, पुढच्या वेळी दार उघडणार नाहीत.

निरोप ग्रुपवर टाकू नको. ग्रुपवर टाकला की तो जाहिरातीसारखा वाटतो आणि सेक्रेटरीलाही आवडत नाही. एकेकीला वेगळा पाठव, जिच्याशी बोलणं आहे तिला तोंडाने सांग. एकदा सांगितलं की झालं, आदल्या दिवशी 'येताय ना?' म्हणून फोन नाही करायचा.

वेळ म्हणशील तर आत्ता थंडीत दुपारी साडेतीन बरी, जेवणं-आवरणं झालेलं असतं आणि स्कूल बस यायला वेळ असतो (तुमच्याकडे बस कधी येते ते पाहून घे). मे महिन्यात मात्र संध्याकाळी सहाच्या आधी नावच नको घेऊ, ४५ डिग्रीत कूलरसमोरून कोणी उठत नाही. पोळा, गणपती, महालक्ष्म्या, त्या दिवसांत कोणाला फुरसत नसते.

खायला साधं ठेव. पुडाची वडी करायचा घाट घालू नको, चिवडा आणि चहा पुष्कळ झाला. चार पदार्थ मांडले की येणारीला मिंधं वाटतं, मग ती नको असलेला डबा घेते.

पाहुणी_प्रतापनगर
मी विकत नाही, मला बोलावलं जातं, म्हणून दुसरी बाजू सांगते. हळदीकुंकवात डेमो अजिबात नको. आमच्याकडे एकीने असंच केलं होतं, हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला, वाण हातात दिलं आणि मग दिवाणावरची चादर काढली तर खाली सगळं सामान मांडलेलं. वाण घेतल्यावर लगेच उठून कसं जायचं? कोणालाच उठता आलं नाही, शेजारची एक वयस्कर काकू तर पर्समधले पैसे मोजून मोजून सगळ्यात छोटी डबी घेऊन गेली. मला ते फार लागलं. हळदीकुंकवाला बाई मान म्हणून येते, तिथे तिच्या पर्सकडे पाहूच नये.

दुसरं म्हणजे ऑर्डरचा फॉर्म सगळ्यांसमोर फिरवत जाऊ नका. शेजारणीने हजाराचं लिहिलं की आपल्याला दोनशेचं लिहायला कसंतरी होतं. ज्यांना पाहिजे त्या घरी जाऊन निवांत व्हॉट्सअपवर कळवतील. आणि ज्यांनी काहीच घेतलं नाही त्यांच्याशी दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये आधीसारखंच बोला, डब्यांचा विषयही काढू नका. मी तरी माणूस यावरूनच ओळखते.

भाऊ_हिंगणा_रोड
ताई, कायद्याचंही पाहून घ्या. डायरेक्ट सेलिंगचे नियम २०२१ च्या डिसेंबरमध्ये ग्राहक संरक्षण कायद्याखाली आले. त्यात असं आहे की विकणाऱ्याने सुरुवातीलाच, कोणी न विचारता, आपण कोण, कंपनी कोणती, माल कोणता आणि यायचं कारण काय ते खरंखरं सांगायचं. म्हणजे नुसतं 'चहाला या' सांगून बोलवणं त्या नियमाच्याही विरुद्धच जातं, हे लीडरला दाखवा. दुसऱ्याच्या घरी जाऊन डेमो द्यायचा असेल तर आधी विचारूनच जायचं आणि ओळखपत्र सोबत पाहिजे. भाव, पैसे कसे द्यायचे, माल परत करायचा तर कसा, हेही सांगायचं. कंपनीने मान्य केलेल्या दाव्यांच्या पलीकडे काही बोलायचं नाही.

आणि माणसं जोडण्यावरच पैसे मिळत असतील, मालाच्या विक्रीवर नाही, तर तिथून ताबडतोब निघा, पिरॅमिड स्कीमला या नियमांत बंदी आहे आणि मनी सर्क्युलेशनवर (म्हणजे नुसती माणसं जोडून पैसे फिरवण्यावर) तर १९७८ पासूनच बंदीचा कायदा आहे. म्हणून डेमोच्या दिवशी 'तुम्ही पण जॉईन व्हा' हा विषय काढूच नका. माल पाहायला आलेल्या बाईला माल दाखवा. कुठे काही अडलं तर ग्राहक हेल्पलाईन १९१५ आहे.

बेसावाली
भाऊ, खूप आभार, नियमाचं मला माहीतच नव्हतं. हळदीकुंकवाचं पण पटलं, वेगळंच ठेवते. काकू, डेमोत नेमकं करू काय? लीडरने कॅटलॉग पानापानाने वाचायला सांगितलंय. आणि उधारीचं राहिलं जी.

त्रिमूर्तीनगरची काकू
कॅटलॉग कोण ऐकतं बाप्पा! चार दिवस आधी बाजारातून सांबाराच्या (कोथिंबिरीच्या) दोन जुड्या आण, निवडून एक तुझ्या डब्यात ठेव, दुसरी पिशवीत, दोन्ही फ्रिजमध्ये. त्या दिवशी दोन्ही काढून समोर ठेव आणि त्यांना हातात घेऊन पाहू दे. जशी निघेल तशीच दाखव, पिशवीतलीही बरी निघाली तर तसं सांग. मग पाणी भरलेला डबा झाकण दाबून उलटा धर, आणि लगेच त्यांच्यापैकी एकीला लावायला दे, कारण झाकणातली हवा काढून दाबायचं तंत्र हाताने केल्याशिवाय कळत नाही. घरी नेऊन नीट लागलं नाही तर 'झाकण खराब आहे' म्हणून परत तुझ्याकडेच येतील.

उधारी नाही म्हणजे नाही. कंपनीत पैसे तू भरतेस. ऑर्डरच्या वेळी निम्मे, डबा हातात देताना निम्मे, यूपीआयवर घे म्हणजे हिशोबाचा प्रश्न नाही. शेजारच्या बाईकडे दोनशे रुपये मागायला दोनदा जावं लागलं की दोघींचंही बोलणं बंद होतं. महिनाअखेरीस टार्गेटसाठी आपल्या पैशाने माल उचलून घरात भरू नको, हे तर लिहूनच ठेव.

जुनी_गृहिणी
काकूंनी झाकणाचं सांगितलं त्यावरून, टपरवेअरचंही असंच झालं होतं. दुकानात त्यांचे डबे नीट विकत नव्हते, लोकांना ते झाकण कळायचंच नाही. ब्राउनी वाइज नावाची बाई घरोघरी पार्ट्या करून तेच डबे भराभर विकायची, ते पाहून कंपनीने १९५१ मध्ये दुकानातून माल काढून घेतला आणि घरच्या पार्ट्यांमधूनच विकायला लागली. आपल्याकडे ते १९९६ ला आले. तेव्हा झाकणावर जास्त वेळ दे, भाव सांगायला पाच मिनिटं पुरतात.

बेसावाली
लिहून पाहिलं, कसं वाटतं सांगा:
'नमस्कार वहिनी, मी चौथ्या मजल्यावरची. मी किचनच्या डब्यांचं काम सुरू केलं आहे. शनिवारी दुपारी साडेतीनला माझ्या घरी डेमो आहे, विक्रीही आहे. पाहावंसं वाटलं तर या, घ्यायलाच पाहिजे असं काही नाही. नक्की या, वाट पाहते.'

पाहुणी_प्रतापनगर
छान आहे, मी तरी आली असती. फक्त शेवटची ओळ काढा. 'घ्यायलाच पाहिजे असं नाही' म्हटल्यावर 'नक्की या' म्हणून परत बांधून टाकता. त्याऐवजी 'साधारण तासभर लागेल' लिहा, बायकांना तेच आधी माहीत पाहिजे असतं. कंपनीचं नावही टाका, भाऊंनी सांगितलंच आहे.

त्रिमूर्तीनगरची काकू
आणि शनिवारी बऱ्याच जणींचे नवरे घरी असतात, शुक्रवार कर.