रेकॉर्डवरची लेबलं झिजताहेत, काहींना कसर लागली आहे. साठवण कशी करावी? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

रत्नागिरीच्या आमच्या घरी आजोबांच्या तबकड्या आहेत. ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, लाखेच्या) साधारण १४०, आणि बाबांनी पुढे घेतलेल्या ६० एलपी, म्हणजे नंतरच्या प्लॅस्टिकच्या तबकड्या. आजोबांची खानावळ होती. दुपारची पंगत उठली की ग्रामोफोन सुरू व्हायचा तो दिवेलागणीपर्यंत. बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर, मास्टर कृष्णराव, जी. एन. जोशींची भावगीतं असा सगळा ऐवज त्यात आहे.

खरखर सोडली तर आवाज अजून बरा आहे. मला काळजी लागली आहे ती लेबलांची. जास्त वाजलेल्या तबकड्यांवर मधल्या भोकाभोवती बारीक पांढुरक्या रेघा उमटल्या आहेत, कोळ्याच्या पायांसारख्या. काही एलपींच्या लेबलावर एक गोल पट्टा पुसट झाला आहे, अगदी पाकिटाच्या भोकाएवढा. आणि ट्रंकेच्या तळाशी असलेल्या आठ-दहा तबकड्यांची लेबलं कसरीने खाल्ली आहेत. त्यातल्या एकीच्या एका बाजूला काहीच उरलेलं नाही. दुसऱ्या बाजूला देवनागरीत फक्त ‘…बाई’ एवढंच वाचता येतं.

एलपीला निदान कव्हर असतं, त्यावर सगळी माहिती छापलेली असते. ७८ च्या तबकड्या कंपनीच्या एकसारख्या खाकी पाकिटात यायच्या, आणि मधल्या भोकातून लेबल वाचायचं. गाणारी कोण, पद कुठलं, हे दुसरीकडे कुठेही लिहिलेलं नाही. लेबल गेलं की तबकडी निनावी होते. आजोबा असते तर पहिल्या दोन सुरांत नाव सांगितलं असतं. बाबांना निम्मी ओळखता येतात. मला फारच थोडी.

आत्ता सगळं लोखंडी ट्रंकेत आडवं रचून ठेवलं आहे, एकावर एक पंचवीस-तीस. ट्रंक माजघरात, पागोळ्यांच्या बाजूच्या भिंतीला लागून. मृगाच्या आत हे सगळं हलवायचं आहे. वातानुकूलित खोली वगैरे शक्य नाही. तबकड्या आडव्या ठेवाव्यात की उभ्या? भोकाची जुनी पाकिटं टाकून द्यावीत का? सुटलेली लेबलं फेविकॉलने चिकटवली तर चालेल का? डांबरगोळ्या ठेवू का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद (पुणे)

ताई, आधी फेविकॉल आणि डांबरगोळ्या दोन्ही बाजूला ठेवा. डांबरगोळीची वाफ प्लॅस्टिकला बाधते आणि एलपी प्लॅस्टिकच्याच असतात.

तबकड्या उभ्याच ठेवायच्या, एलपी असो की ७८. आडव्या गठ्ठ्यात खालच्या तबकडीवर वरच्या सगळ्यांचा भार येतो. मधलं एखादं गाणं हवं असलं की आपण ती ओढून काढतो, तेव्हा लेबलावर लेबल घासतं. उभ्या म्हणजे ताठ उभ्या. कललेल्या राहिल्या तर हळूहळू वाकतात. दर दहा-पंधरा सेंटिमीटरवर फळीचा आडोसा द्या, आणि एक तबकडी दोन बोटांनी सहज निघेल एवढीच दाटी ठेवा. कोंबून भरल्या तर काढता-घालताना लेबल आणि कव्हर दोन्ही घासतात.

दहा इंची आणि बारा इंची एकत्र मिसळू नका. मोठीला आधार अर्धाच मिळतो आणि लहानीची कड तिच्यावर रुतते. फळी मात्र दणकट हवी. शंभर एलपी कव्हरांसकट वीस-पंचवीस किलो भरतात आणि लाखेच्या तबकड्या त्याहून जड. पार्टिकल बोर्डाचा कप्पा मध्ये खचलेला मी स्वतः पाहिला आहे.

तुमच्या एलपींवरचा गोल पट्टा भोकाच्या पाकिटामुळेच पडला आहे. भोकाची कड लेबलावर घासत राहते आणि शेजारच्या तबकडीचं पाकीटही त्या उघड्या जागी टेकतं. बिनभोकाची पाकिटं घ्या, आतून पातळ पॉलिथिनचं अस्तर असलेली. मऊ, जाड, उग्र वासाची पीव्हीसीची पाकिटं घेऊ नका. त्यातला मऊपणा आणणारा पदार्थ हळूहळू बाहेर येतो आणि एलपीवर धुरकट डाग पाडतो, तो निघत नाही. कंपनीची जुनी खाकी पाकिटं मात्र टाकू नका. नव्या पाकिटाच्या मागे ठेवा, तीही त्या काळाची खूण आहे.

प्रतिसाद (सावंतवाडी)

आमच्याकडे पुस्तकांच्या कपाटात वेखंडाची पुरचुंडी ठेवतात. कसर येत नाही. ट्रंकेत तीच ठेवा.

प्रतिसाद (पुणे)

वेखंड पुस्तकांना ठीक आहे, पण पूड फडक्यातून झिरपली तर थेट तबकडीच्या खाचांत जाते आणि सुईखाली काचपेपरसारखं काम करते. ठेवायचंच असेल तर अखंड कांडी ठेवा, तीही कपाटाच्या खालच्या कप्प्यात, तबकड्यांपासून लांब. कसर येते ती ओलीमुळे. ओल मोडली तर निम्मं काम झालं. कोकणात ४०-५० टक्के आर्द्रता राखणं कठीण आहे, पण कपाट बाहेरच्या भिंतीपासून वीतभर पुढे आणि जमिनीपासून उंच ठेवता येतं. सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) ठेवलंत तर दर काही आठवड्यांनी ते तापवून कोरडं करा. नुसतं ठेवून विसरलं की त्याचा उपयोग संपतो.

प्रतिसाद (ठाणे)

भोकाभोवतीच्या रेघांबद्दल लिहिते. तबकडी लावताना आपण मधली खुंटी न बघता चाचपतो आणि तिचं टोक लेबलावर फिरतं, त्याच्याच या रेघा. घाईत तबकड्या बदलायच्या ठिकाणी, म्हणजे तुमच्या खानावळीत, हे होणारच. आता उपाय सवयीचा. तबकडी दोन्ही तळव्यांनी कडेला धरा, वरून डोकावून भोकातून खुंटी दिसली की मगच सोडा. थाळीवरची चटईही बघा. जुनं रबर कडक होऊन खरखरीत झालं असेल तर खालच्या बाजूचं लेबल दर वेळी त्यावर घासतं. आमच्या फिएस्टा रेकॉर्ड प्लेयरवर मी जाड फेल्ट कापून घातलं आहे.

धुताना लेबल ओलं होऊ देऊ नका. मी बरणीची दोन सपाट झाकणं घेतली, लेबलाहून किंचित मोठी. त्यांना कडेने रबरी वायसर लावले आणि मधून बोल्ट घालून दोन्ही बाजूंनी आवळली. एलपीचं लेबल साधारण दहा सेंटिमीटरचं असतं, ७८ चं बहुधा त्याहून लहान. झाकण आपल्या तबकडीच्या मापाने निवडा. पाणी डिस्टिल्ड वापरा, त्यात सौम्य साबणाचे दोन-तीन थेंब. ७८ वर स्पिरिट कधीही नाही! सुतार पॉलिश करायला लाख स्पिरिटमध्येच विरघळवतो. तुमची तबकडी त्याच लाखेची आहे.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. स्पिरिटचं वेळेवर कळलं. मी कापूस आणि बाटली घेऊन बसले होते.

सुटलेल्या लेबलांबद्दल कोणी सांगेल का? तीन तबकड्यांच्या लेबलांचे कोपरे उचलले गेले आहेत.

प्रतिसाद (नाशिक)

मी ग्रंथालयात जुन्या कागदांच्या दुरुस्तीचं काम करायचो. मुळात ही लेबलं डिंकाने चिकटवलेली नसतात. कागद आधी भट्टीत वाळवून घेतात आणि तबकडी दाबली जाते त्याच क्षणी, उष्णतेने आणि दाबाने, तो तिच्यात बसतो. त्यामुळे लेबल उचललं जातंय याचा अर्थ तिथे पाणी किंवा ओल पोचली आहे. घाई न करता आधी नीट वाळू द्या, पंख्याखाली, उन्हात नाही. मग मिथाइल सेल्युलोजची पातळ पेस्ट अगदी बारीक कुंचल्याने फक्त सुटलेल्या कडेखाली लावा. वर कोरडा टीपकागद, त्यावर हलकं वजन. ही पेस्ट पुढे कधी काढावी लागली तर पाण्याने सुटते, फेविकॉल सुटत नाही. पिठाची खळ नको, ती कसरीला आमंत्रण. सेलोटेप तर नकोच, त्याचा पिवळा डाग कागदात कायमचा मुरतो.

आणि आजच्या आज एक करा. प्रत्येक लेबलाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा. जे वाचता येतं ते नव्या पाकिटावर मऊ पेन्सिलीने लिहा, तबकडी आत घालायच्या आधी.

प्रतिसाद (पुणे)

त्या निनावी तबकडीबद्दल राहून गेलं. लेबल गेलं तरी ती पूर्ण मुकी नसते. लेबलाच्या कडेला, खाचा संपतात तिथल्या गुळगुळीत पट्ट्यात बारीक आकडे कोरलेले असतात. कधी ते लेबलाच्या कागदाखालीही असतात. टॉर्च अगदी आडवा धरून बघा. तो साच्याचा क्रमांक. संग्राहकांकडे कंपन्यांच्या याद्या आहेत, त्यांतून पद आणि गायिका बरेचदा सापडते. मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स आहे. त्यांनी अशा याद्यांचं मोठं काम केलं आहे, तिथे विचारा.

तबकडी फार जुनी असेल तर शेवटपर्यंत ऐका. १९०२ मध्ये कलकत्त्यात गायिका गौहर जानचं ध्वनिमुद्रण झालं तेव्हा तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जायच्या. तिथल्या माणसांना लेबल कोणाच्या नावाचं लावायचं ते कळावं म्हणून गाणं संपताच बाई स्वतःचं नाव सांगायच्या. पुढची काही वर्षं ही पद्धत राहिली. मात्र ऐकायला एलपीची सुई वापरू नका. ७८ ची खाच बरीच रुंद असते, तिची सुई वेगळी.

धागाकर्ती

आज दिवसभर हेच केलं. बाबांनी जुन्या शिसवी कपाटाला आतून पाच आडोसे ठोकून दिले. कपाट माजघरातून काढून आतल्या खोलीत आणलं. तिथली कुठलीच भिंत पावसाला लागत नाही. १४० पैकी ९२ तबकड्यांचे फोटो झाले. पाकिटं मागवली आहेत. ती येईपर्यंत दोन तबकड्यांमध्ये कोरा कागद घातला आहे.

‘…बाई’ची तबकडी शेवटपर्यंत ऐकली, बाबांच्या मित्राकडे ७८ ची सुई आहे त्यांच्याकडे नेऊन. शेवटी नाव नाही. पण टॉर्च आडवा धरल्यावर क्रमांक दिसला. दोन्ही बाजूंना वेगवेगळा, शेवटचा एक आकडा सोडून बाकी तोच. बाबांनी तो वहीत उतरवला आणि तबकडी पुन्हा एकदा लावायला सांगितली. दुसऱ्या अंतऱ्याला ते म्हणाले की हे पद आजोबा पानाला चुना लावताना गुणगुणायचे. गायिका कोण, ते त्यांनाही आठवेना.

क्रमांक मुंबईला पाठवला आहे. उत्तर आलं की इथेच लिहीन.