बॉल हेड घट्ट करूनही कॅमेरा मान टाकतो, काय करावं?

यवतेश्वर_घाट (सातारा)

नमस्कार मंडळी. फुल फ्रेम बॉडी, १०० मिमी मॅक्रो आणि ७०-२०० एफ २.८ असं सामान आहे. ट्रायपॉडवर ३० मिमी गोळ्याचं बॉल हेड (गोळ्यावर सगळीकडं कलणारा कॅमेऱ्याचा आधार), खोक्यावर क्षमता ८ किलो लिहिलीय. कासचा फुलांचा हंगाम सुरू व्हायच्या आत तीन गोष्टी मार्गी लावायच्यात.

फ्रेम नीट लावून मोठा नॉब आवळला तरी हात काढताच कॅमेरा किंचित खाली जातो. मॅक्रोला तर फूल फ्रेमच्या कडेला येतं. उभी फ्रेम घ्यायला हेड बाजूच्या खाचेत पाडलं की कॅमेरा प्लेटवरच (तळाला स्क्रूनं बसणारी पट्टी) हळूहळू फिरतो. आणि चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांचा पॅनोरमा घेताना मधली फ्रेम सरळ, कडेच्या तिरक्या येतात.

मोठ्या नॉबच्या पोटात एक छोटी चकती आहे, तिचा नेमका उपयोग काय? हेड बदलू की पद्धत बदलू?

कृष्णाकाठ (सांगली)

आधी पद्धत, मग हेड.

ती चकती म्हणजे फ्रिक्शन. सगळ्यात जड लेन्स लावा, एका हातानं कॅमेरा धरा आणि मोठा नॉब पूर्ण सैल करून परत हळूहळू आवळत आणा. हातानं ढकलला तर कॅमेरा सरकतो, सोडला तर तिथंच थांबतो, अशी जागा सापडेल. नॉब तिथंच ठेवून चकती अडेपर्यंत फिरवा. आता मोठा नॉब त्या जागेच्या मागं जातच नाही, त्यामुळं सैल केला तरी तेवढा ताण शिल्लक राहतो. चकती शून्यावर असली तर हेड एकदम कुलूप नाहीतर एकदम मोकळं. मग लेन्स धाडकन पुढं पडते आणि बोट खाचेच्या कडेवर असेल तर चांगलंच चेमटतं. ७०-२०० साठी लावलेला ताण मॅक्रोला जास्त होतो आणि बारीक हलवताना हिसके बसतात, म्हणून लेन्स बदलली की चकती परत लावायची.

आता मान टाकण्याचं. खोक्यावरचे ८ किलो सरळ खाली दाबणाऱ्या वजनाचे धरायचे. गोळ्याला त्रास वजनाचा कमी, वजन मध्यापासून किती बाहेर आहे त्याचा जास्त. बॉडी आणि ७०-२०० मिळून साधारण २.३ किलो. बॉडीच्या तळाला प्लेट लावली आणि गुरुत्वमध्य गोळ्याच्या १० सेंमी पुढं गेला, तर २३ किलो-सेंमी पीळ झाला. तीच लेन्स कॉलरवर (लेन्सभोवतीचं, ट्रायपॉडला बसणारं कडं) लावून प्लेट मागंपुढं सरकवत तोल २ सेंमीच्या आत आणला, तर ४.६. हेड तेच, त्रास पाचव्या हिश्श्यावर. कॉलर पिशवीत ठेवून बॉडीवर प्लेट लावणारे लोक बघितले की नवल वाटतं.

हे करूनही सरकत असेल तर कुठं सरकतंय ते शोधा. लाइव्ह व्ह्यू १० पट मोठा करा, लेन्सच्या टोकाला बोटानं हलकं दाबा आणि दुसऱ्या हाताचं नख एकेका सांध्यावर ठेवत जा: बॉडी आणि प्लेट, प्लेट आणि क्लॅम्प (प्लेट पकडणारा जबडा), गोळ्याची दांडी, हेडचा तळ, मधला कॉलम. बहुतेक वेळा गोळा निर्दोष निघतो. प्लेटवरचं जाड रबर दबत असतं, नाहीतर वर काढलेला कॉलम वाकत असतो.

सज्जनगड_पायथा

वरच्याशी सहमत, उभ्या फ्रेमचं सांगतो. खाचेत पाडलं की कॅमेऱ्याचं सगळं वजन १/४ इंचाच्या एका स्क्रूभोवती पीळ देतं. प्लेट साधी चपटी असेल तर ती फिरणारच, कितीही आवळा. नाण्यानं आवळायचा स्क्रू असेल तर आधी ॲलन कीवाला घ्या. बॉडीला टेकणारी उभी कड असलेली प्लेट बरी. एल ब्रॅकेट (बॉडीच्या तळाला आणि बाजूला बसणारी एल आकाराची प्लेट) सगळ्यात बरा, कारण मग खाच वापरायचीच नाही. कॅमेरा क्लॅम्पमधून काढून ब्रॅकेटच्या दुसऱ्या बाजूनं बसवायचा, वजन गोळ्याच्या डोक्यावरच राहतं आणि ट्रायपॉड एका बाजूला कलत नाही. तुमच्या ७०-२०० ला ब्रॅकेटचीही गरज नाही, कॉलर सैल करून लेन्स ९० अंश फिरवा.

ब्रॅकेट घेताना क्लॅम्प बघा. आर्का पद्धतीची (तिरक्या कडांची) प्लेट साधारण ३८ मिमी रुंद असते, पण कंपनीगणिक थोडा फरक पडतो. स्क्रूचा क्लॅम्प तो फरक सांभाळून घेतो. खटक्याचा क्लॅम्प एका कंपनीची प्लेट घट्ट धरतो, दुसरी ढिली. लावल्यावर कॅमेरा धरूनच एकदा हलवून बघायचं, ‘खट’ आवाजावर विश्वास ठेवायचा नाही.

आणि हेड ट्रायपॉडवरून सुटतंय का तेही तपासा. ते ३/८ इंचाच्या स्क्रूवर बसतं. खालचा पॅन (हेड आडवं फिरवायचा) नॉब आवळलेला असताना कॅमेरा डावीकडं जोरानं फिरवला की अख्खं हेड आट्यांवरून उघडतं आणि वाटतं बॉलच ढिला झाला. बऱ्याच ट्रायपॉडच्या वरच्या प्लेटमध्ये खालच्या बाजूनं तीन छोटे ग्रब (बिनडोक्याचे) स्क्रू असतात. हेड बसवल्यावर ते आवळायचे, पण हेडचा तळ धातूचा असेल तरच, प्लॅस्टिकच्या तळाला ते भोकं पाडतात.

दंडोबा_ट्रेकर

मॅक्रोला सोपी युक्ती: जेवढं खाली जातं तेवढी फ्रेम आधीच वर धरून आवळायची. एवढ्यासाठी खर्च कशाला?

कृष्णाकाठ (सांगली)

@दंडोबा_ट्रेकर लँडस्केपला चालेल. १:१ ला (विषय सेन्सरवर खऱ्या आकाराचा) नाही. तिथं फुल फ्रेमवर अख्खा विषय ३६ x २४ मिमीचा असतो. कॅमेरा १ मिमी उतरला तरी आडव्या फ्रेममध्ये उंचीचा चोविसावा भाग गेला, आणि कॅमेरा खाली झुकल्यामुळं फोकसचं प्रतलही कलतं. पाकळी एका टोकाला शार्प, दुसऱ्या टोकाला गेली. मॅक्रोत बॉल फक्त ढोबळ दिशा द्यायला वापरावा. तो आवळून झाला की शेवटचे मिलिमीटर फोकसिंग रेलवर (कॅमेरा बारीक मागंपुढं सरकवणारी पट्टी) किंवा पाय सरकवून.

कासला मधला कॉलम काढूनच टाका आणि पाय जमिनीलगत पसरा. तिथं जांभ्या खडकावर मातीचा पातळ थर आहे, फुलं त्यातच उगवतात. पाय मोकळ्या खडकावर किंवा वाटेवर टेकवायचे, तेही रबरी बुटांवर. वारा असेल तर पिशवी ट्रायपॉडच्या हुकला अधांतरी लटकवू नका, झोके घेत ती ट्रायपॉडच हलवते. जमिनीला टेकलेली ठेवा.

मायणी_पक्षी

पॅनोरमाचं कुणी बोललंच नाही.

तुमच्या हेडचा फिरणारा भाग गोळ्याच्या खाली आहे. पाय तिरके ठेवून बॉलनं कॅमेरा सरळ केला, तर ती पहिली फ्रेमच सरळ. तळ फिरवला की कॅमेरा तिरक्या अक्षाभोवती फिरतो आणि क्षितिज एका बाजूला चढतं. म्हणून आधी बॉलला हात न लावता ट्रायपॉडच्या खांद्यावरचा बुडबुडा मध्ये आणा, पाय कमीजास्त करून. मग बॉलनं कॅमेरा सरळ करा. मग दोन्ही टोकांना फिरवून क्षितिज तपासा. पायांशी झटापट नको असेल तर हेडखाली लेव्हलिंग बेस (हेड समपातळीत आणणारा तळ) लावा, किंवा गोळ्याच्या वर फिरणारा क्लॅम्प.

५० मिमीवर उभी फ्रेम आडवी सुमारे २७ अंश घेते. ३० टक्के ओव्हरलॅप धरला तर तळाच्या पट्टीवर १८-१९ अंशांनी सरकायचं, १८० अंशांना ९-१० फ्रेम. एक्सपोजर, फोकस, व्हाइट बॅलन्स मॅन्युअल. पवनचक्क्या लांब असल्या तर नोडल स्लाइड (कॅमेरा मागं सरकवून लेन्स फिरण्याच्या अक्षावर आणणारी पट्टी) लागत नाही. कठडा किंवा झुडूप अगदी पुढ्यात असेल तरच. पाती मात्र प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या जागी असतात, तेव्हा सांधा पात्यांवर येणार नाही असं बघा.

उडत्या पक्ष्यांना बॉल हेड नकोच. दोन किलोची १५०-६०० त्यावर सैल ठेवली की पडते, आवळली की पक्षी जातो. तिथं गिंबल (जड लेन्स तोलून मोकळी फिरवू देणारं हेड).

यवतेश्वर_घाट (सातारा)

नख लावून बघितलं. सरकतंय ते प्लेटचं रबरच, गोळा जागचा हलत नाही. कॉलर लावल्यावर ७०-२०० चा प्रश्न मिटला. मॅक्रोला कॉलर नाही, मग धातूची प्लेट घेतो. अजून एक: कासच्या पावसात गोळ्यावर बारीक लाल माती बसते आणि करकर आवाज येतो. शिलाई मशीनचं तेल सोडू का?

सज्जनगड_पायथा

अजिबात नको. तेल नको, डब्ल्यूडी-४० तर नकोच. गोळा थांबतो तोच मुळी घर्षणावर, आणि तेलाला माती चिकटून तिची पॉलिश पेस्ट होते. करकरत असताना आवळून फिरवू नका, चरे पडतील. पूर्ण सैल करा, ब्लोअर मारा, दांडी सगळ्या बाजूंना कलवून उघडा पडणारा गोळा कोरड्या मायक्रोफायबरनं पुसा. चिकट राहिलंच तर फडक्याला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल, थेट गोळ्यावर ओतायचं नाही, कारण ते खाली पॅनच्या ग्रीसपर्यंत जातं. घरी आल्यावर हेड ओल्या बॅगेत ठेवू नका. तिन्ही नॉब सैल करून रात्रभर पंख्याखाली. हेड खोलायच्या भानगडीत पडू नका, आतल्या वाट्यांचा क्रम चुकला की परत तसा ताण बसत नाही.

प्लेट घेताना १०० मिमी लांबीची घ्या, ५० ची नको. मागंपुढं सरकवायला जागा मिळते, मॅक्रोचा तोलही गोळ्यावर आणता येईल. फक्त खालचे दोन स्टॉप स्क्रू काढू नका. क्लॅम्प ढिला राहिला तर घसरणारा कॅमेरा तेवढेच अडवतात.