मदत हवी आहे: बॅडफिंगरच्या 'डे आफ्टर डे'ची स्लाइड गिटार सुरात लागत नाही

तिसरी_तार (इंदूर)
शनिवारी राजेंद्रनगरात छोटा कार्यक्रम आहे. सत्तरच्या दशकातली गाणी. त्यात बॅडफिंगर या ब्रिटिश रॉक बँडचं 'डे आफ्टर डे' घ्यायचंच आहे. अडचण अशी की स्लाइड (बोटात घालून तारांवरून सरकवायची नळी) लावली की तारा खडखडतात आणि वरच्या फ्रेटांवर (मानेवरच्या आडव्या धातूपट्ट्यांवर) सूर चढतो. मूळ ध्वनिमुद्रणातली स्लाइड केवढी भरीव आहे, आमची बारीक आणि किरटी वाटते. काय बदलू? लवकर सांगा. आणि 'दुसरं गाणं घ्या' हे कृपया नको.

मींडवाला
गिटार इलेक्ट्रिक की अकूस्टिक? तारा किती जाडीच्या? ट्यूनिंग कोणतं? स्लाइड काचेची की धातूची, कोणत्या बोटात? यातलं काहीच लिहिलेलं नाही. खडखडही दोन प्रकारची असते. स्लाइड फ्रेटवर आपटते ती एक, आणि स्लाइडच्या मागचा, नटकडचा (मानेच्या टोकाच्या पट्टीकडचा) तारेचा भाग वाजतो ती दुसरी. तुमची कोणती?

पोहे_जलेबी
भिया, 'विदाऊट यू' घ्या ना. स्लाइडची भानगडच नाही. कोरसला ई, सी शार्प मायनर, एफ शार्प मायनर, बी. हॉलमधल्या प्रत्येकाला ते पाठ असेल.

सयाजीगंज (वडोदरा)
पाठ असेल, पण दुसऱ्यांच्या आवाजात. हॅरी निल्सन या गायकाने ते १९७२ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर नेलं, १९९४ मध्ये मारिया कॅरीने पुन्हा गाजवलं. मूळ गाणं बॅडफिंगरच्या १९७० च्या 'नो डाइस' अल्बमवर आहे. कडवं बँडमधल्या पीट हॅमचं, कोरस टॉम इव्हान्सचा, दोन अर्धवट गाणी जोडून झालेलं. हे श्रोत्यांना ठाऊकच नसतं. 'डे आफ्टर डे' लागलं की मात्र बॅडफिंगरचाच आवाज कानावर पडतो. धागाकर्त्याचा हट्ट बरोबर आहे.

पोहे_जलेबी
मग तर 'विदाऊट यू' मूळ चालीत वाजवून सांगायलाच हवं की हे त्यांचं आहे! निल्सनसारखं ओरडायचं नाही, बॅडफिंगरसारखं साधं गायचं.

तिसरी_तार
मुद्दा मान्य, पण शनिवारी नाही. स्ट्रॅटच्या (फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या) धर्तीची इलेक्ट्रिक आहे. तारा ९ च्या (सर्वात बारीक तार इंचाच्या ९ हजारांश जाडीची). ट्यूनिंग नेहमीचं. स्लाइड ऑनलाइन घेतलेली, पातळ काचेची. खडखड बहुतेक दोन्ही प्रकारची.

मींडवाला
आता बोलता येईल. बोट अजून सांगितलं नाहीत, ते सांगा. तोवर हे करून बघा.

पातळ काच हलकी असते. हलकी स्लाइड तारेवर स्वतःच्या वजनाने बसत नाही, म्हणून हात नकळत दाबतो. ९ ची तार मऊ असल्याने दाबली की खाली वाकते. तिथे दोन्ही गोष्टी एकदम होतात: स्लाइड फ्रेटला लागून खडखडते, आणि तार ताणली गेल्याने सूर चढतो. तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ बहुतांशी इथेच आहे. जाड भिंतीची स्लाइड घ्या. सियागंजात हार्डवेअरच्या दुकानांत पितळी पाईप कापून मिळतो: आतला व्यास बोटाप्रमाणे १९-२० मिमी, लांबी ६० मिमी, भिंत २ ते ३ मिमी. कापलेल्या कडा कानसीने गोल करा, मग ४०० नंबरच्या पॉलिशपेपरने घासा, नाहीतर तार खरवडेल.

दुसरं. स्लाइड गोल असते, तार तिच्या मध्यरेषेला टेकते, कडेला नाही. मध्यरेषा बरोबर फ्रेटच्या धातूवर हवी. बोटाने दाबताना ठेवतो तशी फ्रेटच्या मागे नाही. मागची कड पाहून ठेवलीत तर मध्यरेषा पुढे जाते आणि सूर चढतो. ६४८ मिमी स्केलच्या (नट ते ब्रिज तारेची लांबी) गिटारवर १२ व्या फ्रेटपाशी दोन फ्रेटांतलं अंतर सुमारे १९ मिमी. म्हणजे २ मिमी चुकलं की जवळजवळ १० सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) फरक. या गाण्यात सूर लांबवून धरायचे आहेत, तिथे १० सेंट स्पष्ट ऐकू येतात. कंप द्याल तो फ्रेटच्या दोन्ही बाजूंना सारखा द्या, नुसता पुढे नाही.

ओपन_ई_कट्टा
नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये स्लाइड म्हणजे उगाच कष्ट. ओपन ई (मोकळ्या तारा छेडल्या की ई कॉर्डच वाजेल असं ट्यूनिंग) लावा: ई बी ई जी शार्प बी ई. चुकून शेजारची तार वाजली तरी कॉर्डमधलाच सूर येतो.

मींडवाला
कष्टाचं म्हणाल तर इथे कॉर्ड नाही, एकेरी ओळ वाजवायची आहे. त्याला नेहमीचं ट्यूनिंग पुरतं, आणि हाच माणूस बाकीची गाणी त्याच गिटारवर वाजवणार असेल तर मध्ये ट्यूनिंग कुठे बदलत बसेल? शिवाय ओपन ई मध्ये पाचवी, चौथी, तिसरी अशा तीन तारा चढवाव्या लागतात, ताण वाढतो.

ओपन_ई_कट्टा
ताणाची भीती असेल तर ओपन डी लावा (डी ए डी एफ शार्प ए डी) आणि दुसऱ्या फ्रेटला कापो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा). सूर तेच, गिटारची मान सुरक्षित. स्लाइड वाजवायची तर ओपनच.

जुना_हवाईयन (ग्वाल्हेर)
अरे बाबांनो, मांडीवर घ्या गिटार! नटवर एक्स्टेन्शन बसवा, तारा उंच होतात, हातात स्टीलचा बार. फ्रेटला लागायचा प्रश्नच उरत नाही. ब्रिजभूषण काब्रांनी याच पद्धतीने गिटारवर रागदारी उभी केली. १९६७ चं 'कॉल ऑफ द व्हॅली' ऐका, शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांबरोबर. मींड कशी घ्यावी ते कळेल.

मींडवाला
काका, काब्रा ऐकायलाच हवेत, पण शनिवारपर्यंत मांडीवरचा हात बसणार नाही. तुमच्या सांगण्यातली मींडेची गोष्ट मात्र इथे लागू आहे. सुरापर्यंत कुठून यायचं आणि किती वेळ घ्यायचा हे आधी गाऊन ठरवा. प्रत्येक सुराला खालून घसरत येऊ नका, ओळीत एखाद-दोन ठिकाणीच. बाकी सूर थेट.

तिसरी_तार
स्लाइड अनामिकेत आहे. तारा ११ च्या टाकू का?

मींडवाला
आज नको. स्ट्रॅटचा ब्रिज (तारा खाली ज्यावर टेकतात तो भाग) तरंगता, म्हणजे स्प्रिंगांवर तोललेला, असेल तर जाड तारांनी पुढे झुकेल, मागच्या स्प्रिंगांचे स्क्रू घट्ट करावे लागतील, मग गिटारची मान वाकली का ते बघावं लागेल, शिवाय नव्या तारा सैलावत राहतील. फार तर १० चा सेट, तोही आजच. त्याऐवजी ब्रिजवर तारेखाली असलेल्या खोगिरांचे उंचीचे स्क्रू फिरवून ती वर घ्या, बहुतेक १.५ मिमीची अ‍ॅलन की लागते. १२ व्या फ्रेटवर तारेची उंची २.५ मिमीपर्यंत न्या. बोटाने कॉर्ड धरता येतील इतपतच.

स्लाइड अनामिकेत म्हणजे तर्जनी आणि मधलं बोट मोकळं आहे. ती दोन्ही स्लाइडच्या मागे तारांवर नुसती टेकवा, दाबू नका. मागची खडखड जाते. उजव्या हाताने पिक सोडून अंगठा आणि दोन बोटांनी वाजवा, न लागणाऱ्या तारा त्याच बोटांनी झाकलेल्या ठेवा.

सयाजीगंज (वडोदरा)
'बारीक' वाटण्याचं कारण कुणीच सांगितलं नाही. ध्वनिमुद्रणात स्लाइड एक नाही, दोन आहेत! बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन आणि पीट हॅम एकत्र वाजवताहेत, पियानोवर लिऑन रसेल. निर्माता हॅरिसनच. १९७१ मध्ये बांगलादेशसाठीच्या कार्यक्रमाच्या कामाला तो गेला म्हणून 'स्ट्रेट अप' अल्बम टॉड रंडग्रेनने पूर्ण केला. त्या कार्यक्रमात रविशंकरांची मैफल होती, बॅडफिंगर अकूस्टिक गिटार धरून साथीला होते, आणि पीट हॅम हॅरिसनच्या शेजारी एका गाण्याला दुसरी गिटार वाजवत होता. एवढ्या तोलाचा माणूस, आणि १९७५ मध्ये २७ व्या वर्षी गेला. बँडच्या पैशांचा झालेला घोळ त्यांना पुरून उरला. त्या माणसाचं गाणं इंदुरात वाजतंय याचा मनापासून आनंद आहे.

तर, दुसरा गिटारवाला आहे का? असेल तर त्यालाही स्लाइड द्या, तीच ओळ. दोघांचे सूर केसभर वेगळे पडतात त्यातूनच भरीवपणा येतो. नसेल तर डिले (आवाज किंचित उशिरा पुन्हा ऐकवणारा इफेक्ट) लावा: २५ ते ३० मिलिसेकंद, फीडबॅक शून्य, मिश्रण ४० टक्क्यांच्या आत. त्याआधी कंप्रेसर (मोठ्या-लहान आवाजातला फरक कमी करणारा इफेक्ट), ४ ला १ च्या आसपास, म्हणजे लांब सूर मध्येच विरत नाही.


 

बेसवाला_पलासिया
ध्वनिमुद्रणाबरोबर सराव करताय का? जुन्या टेपांच्या वेगामुळे ती ध्वनिमुद्रणं ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुराला तंतोतंत बसतातच असं नाही. आधी त्यातला सा ट्यूनरवर तपासा. नाहीतर कान ध्वनिमुद्रणाला बसेल आणि कीबोर्ड शनिवारी वेगळा वाजेल.

तिसरी_तार
मागे दोन बोटं टेकवून मागची खडखड गेली. पितळी पाईपही आणला, दाबायची गरजच पडत नाही. दुसरा गिटारवाला आहे, पण तो अकूस्टिकवर कॉर्ड धरतो, तो सुटला तर गाणं पोकळ होतं. म्हणून डिलेच. डिले ओव्हरड्राइव्हच्या (आवाज किंचित फाडणाऱ्या इफेक्टच्या) आधी की नंतर?

सयाजीगंज (वडोदरा)
नंतर. आधी लावलात तर दोन्ही आवाज एकत्र चिरडले जाऊन गढूळ होतात. ओव्हरड्राइव्ह अगदी कमी, जोरात छेडल्यावरच फाटेल इतका.

ओपन_ई_कट्टा
ओव्हरड्राइव्ह अँपचाच असेल तर डिले पुढून जोडून चालणार नाही, इफेक्ट लूपमध्ये (अँपच्या ओव्हरड्राइव्हनंतर इफेक्ट जोडायच्या जागी) टाकावा लागेल. अँप कोणता, लूप आहे का?