‘सिम्युलेशन’ला अनुकरण म्हणावे का, आणि पाण्यातले क्षार क्षारच राहतात का?

प्रश्न : पाणी आणि क्षार यांची पेशीपटलाशी होणारी आंतरक्रिया संगणकावर कशी अभ्यासतात, या विषयावरील मजकूर मराठीत आणताना ‘सिम्युलेशन’साठी ‘अनुकरण’ योग्य की ‘सदृशीकरण’? आणि ‘क्षार’ हा शब्द सरसकट वापरता येईल का?

प्रतिसाद : ‘अनुकरण’ टाळावे, असे माझे मत आहे. ज्याचे अनुकरण करायचे ते आधी पाहिलेले असावे लागते. येथे तर प्रत्येक अणूवर कोणती बले कार्य करतात एवढेच संगणकाला सांगितलेले असते आणि न्यूटनच्या गतिनियमांवरून त्या अणूची पुढची जागा पुनःपुन्हा काढली जाते. एकेक पाऊल साधारण २ फेम्टोसेकंदांचे (फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचाही दहा लाखावा भाग) असल्यामुळे अवघ्या एका मायक्रोसेकंदाची, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागातली, हालचाल पाहण्यासाठी अशी ५० कोटी पावले मोजावी लागतात. सदृश परिस्थिती उभी करून पुढे काय घडते ते पाहणे, हा अर्थ ‘सदृशीकरण’ या शब्दात बसतो. तो जड आहे खरा. पण बोलताना ‘सिम्युलेशन’ म्हणायला कोणाची हरकत आहे?

‘क्षार’बाबत अधिक सावध राहावे. शालेय मराठीत आम्ल, आम्लारी आणि क्षार अशी विभागणी आहे, परंतु हिंदीत ‘क्षार’ म्हणजे आपला आम्लारी आणि आपल्या क्षाराला तेथे ‘लवण’ म्हणतात, त्यामुळे हिंदी मजकूर समोर ठेवून लिहिणाऱ्याची हमखास फसगत होते. शिवाय मीठ पाण्यात विरघळले की सोडिअम आणि क्लोराइड हे आयन (विद्युतभारित कण) सुटे होतात व प्रत्येकाभोवती पाण्याच्या रेणूंचे वेष्टन तयार होते. सोडिअमचा आयन त्यातले काही रेणू सोडून पटल ज्यांचे बनलेले असते त्या फॉस्फोलिपिड नावाच्या स्निग्ध रेणूंच्या ऑक्सिजन अणूंना बिलगतो. पटलाचा सुमारे ३ नॅनोमीटर जाडीचा तेलकट गाभा मात्र त्याला सहजी ओलांडता येत नाही. म्हणून ‘क्षार पटलात झिरपतात’ या वाक्यात कर्ता आणि क्रियापद दोन्ही चुकतात. ‘आयन पटलाच्या पृष्ठभागाला बिलगतात’ असे लिहावे.

आणखी एक प्रतिसाद : वरील मताशी सहमत आहे. फक्त ‘सदृशीकरणाने सिद्ध झाले’ असे लिहू नये. अणूंमधील बलांची जी सूत्रे निवडावीत त्यांवर उत्तर अवलंबून असते, आणि काही सूत्रसंचांमध्ये सोडिअम प्रयोगात आढळतो त्यापेक्षा अधिक घट्ट चिकटलेला दिसतो. तेव्हा ‘सदृशीकरणात असे दिसते’ हेच क्रियापद योग्य.