पुट अप आणि पुट अप विथ
इंग्रजीतल्या 'पुट अप'चा (put up) अर्थ "सहन करणं" असा काही जण सांगतात, ते अर्धंच बरोबर आहे. मागे विथ लागलं तरच सहन करणं, नाहीतर आय पुट देम अप म्हणजे त्यांना घरी मुक्कामाला ठेवलं आणि आय पुट अप विथ देम म्हणजे त्यांना निमूट झेललं (पाहुणे तेच असू शकतात म्हणा!).

पण आपल्याकडच्या सरकारी ऑफिसात 'पुट अप'चा आणखी एक अर्थ आहे. साहेब कागदावर 'प्लीज पुट अप' असा शेरा मारतात, म्हणजे क्लार्कनं मागचे कागद जोडून, टिपणी लिहून फाईल वर सादर करायची. इंग्लंडच्या माणसाला हे पटकन कळणार नाही, आणि 'व्हेअर आर यू पुटिंग अप' हे आपल्याकडे राहत्या घराच्या पत्त्यासाठी सर्रास विचारतात, त्याला मात्र ते दोन-चार दिवसांच्या मुक्कामाबद्दल वाटतं.