नासमधल्या दोन डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे
नासमध्ये, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेल्या फाइल साठवायच्या पेटीत, रेड १ लावलं की गाणी कायमची सुरक्षित, असं काहीजण म्हणतात. मला ते पटत नाही. रेड १ मध्ये दोन्ही डिस्कवर एकच मजकूर असतो, त्यामुळे चुकून फोल्डर पुसला तर तो दोन्हीकडून जातो. एक डिस्क बिघडली तरच त्याचा उपयोग.

जुळे सोलापुरातल्या आमच्या घरी वडिलांनी कॅसेटवर भरून ठेवलेली गल्लीतली भजनं आहेत. ती बाजारात कुठे मिळणार? मी ती फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजातलं काही न गमावता साठवणाऱ्या फाइल प्रकारात, उतरवली. फ्लॅक फाइलमध्ये मूळ आवाजाचा एमडी५ ठसा (आवाजावरून काढलेली पडताळणीची खूण) सहसा असतोच, म्हणून कॉपी झाल्यावर फ्लॅकची टेस्ट कमांड चालवली की फाइल धड आहे का ते लगेच कळतं. एमपी३ मध्ये ही सोय नाही.

महिन्यातून एकदा आरसिंकने (फाइल कॉपी करायचा प्रोग्राम) सगळं यूएसबी डिस्कवर घेतो आणि ती डिस्क अक्कलकोटला बहिणीकडे ठेवतो. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळीसच्या वर जातो, तेव्हा नास बंद कपाटात नको. यूपीएस हवाच. आणि आरसिंकला डिलीटचा पर्याय विचार न करता देऊ नका, नाहीतर नासवर चुकून पुसलेलं त्या डिस्कवरूनही जाईल.