काल्पनिक अंतराळ वसाहत: मुलांकडून आधी हिशेब घ्यावा की चित्र?

विज्ञानतासिका

नववीच्या मुलांकडून 'काल्पनिक अंतराळ वसाहत' हा गटप्रकल्प मी यंदा तिसऱ्यांदा करून घेतला. सहा-सहा जणांचे गट, चार आठवडे, शेवटी सादरीकरण. पहिल्या दोन वेळा मुलांना मोकळं सोडलं होतं. दोन्ही वेळा समोर आलं ते जवळपास सारखंच: थर्माकोलचा घुमट, आत हिरव्या कागदाची झाडं, बाजूला उभं रॉकेट. दिसायला सुरेख. पण "या घुमटात माणसं किती राहतात?" असं विचारलं की गटातला एक जण म्हणायचा हजार, आणि त्याच वेळी दुसरी म्हणायची पन्नास.

म्हणून या खेपेला नियम बदलला. पहिल्या आठवड्यात रंग नाही, मॉडेल नाही. आधी माणसांचा आकडा ठरवा आणि तेवढी माणसं कागदावर जगवून दाखवा. एका माणसाला दिवसाला साधारण ०.८४ किलो ऑक्सिजन लागतो, एवढंच फळ्यावर लिहिलं. शंभर माणसं धरणाऱ्या गटातल्या एका मुलीने वहीच्या मागच्या पानावर गुणाकार केला. दिवसाला ८४ किलो, वर्षाला तीस टनांहून जास्त. तिने तो खोडून पुन्हा केला, मग शेजारच्याला करायला लावला. उत्तर तेच. "बाई, एवढा न्यायचा कसा?" मी उत्तर दिलं नाही. पुढच्या तासाला तो गट पाण्याचं विद्युत अपघटन, म्हणजे वीज सोडून पाण्यातून ऑक्सिजन वेगळा काढणं, वाचून आला होता, आणि पाणी किती लागेल हा पुढचा प्रश्न त्यांनीच काढला.

आकड्यांशिवाय हा प्रकल्प म्हणजे हस्तकला आहे, असं माझं ठाम मत झालंय. काही सहकाऱ्यांना वाटतं की मी मुलांचा उत्साह मारते. तुमचं मत सांगा, विरोधी असलं तरी.

जमिनीवरचा

माझा विरोध विषयालाच आहे. चार आठवडे हा वर्षातला मोठा वेळ आहे. तेवढ्या वेळात मुलं आपल्याच शाळेच्या इमारतीत रोज पाणी किती येतं, किती वापरलं जातं आणि किती गळतं, याचा नकाशा काढू शकतील. तो नकाशा तपासता येतो. चूक निघाली तर नळापाशी जाऊन पुन्हा मोजता येतं. मंगळावरच्या घुमटातली चूक कोण तपासणार?

दुसरी गोष्ट मला जास्त खुपते. 'इथे बिघडलं तर तिकडे जाऊ' हा विचार मुलांच्या मनात आपणच पेरतो.

कंपासपेटी

तपासता येत नाही, हे पटलं नाही. फिरत्या वसाहतीचं, म्हणजे फिरण्यामुळे आतल्या माणसांना वजन जाणवतं अशा चाकाचं, गणित नववी-दहावीच्या सूत्रात बसतं. एका गटाने माझ्यासमोर १०० मीटर त्रिज्येचं चाक काढलं होतं, आत पृथ्वीइतकं गुरुत्व हवं म्हणून. हिशेब केला तर ते चाक मिनिटाला सुमारे ३ वेळा फिरवावं लागतं. मान वळवली तरी चक्कर येईल, असा तो वेग. वेग मिनिटाला एका फेरीवर आणायचा तर त्रिज्या जवळपास ९०० मीटर लागते. मुलांनी चाक खोडलं आणि मोठं केलं. मोठं केल्यावर सामान वाढलं, भिंतीचं वजन वाढलं, परत हिशेब. ही तपासणीच आहे.

१९७५ मध्ये नासाच्या एम्स केंद्रात झालेल्या उन्हाळी अभ्यासातून दहा हजार माणसांच्या चाकाचा जो आराखडा निघाला, त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आणि वेग मिनिटाला एक फेरी. मुलांचं उत्तर त्याला जुळलं तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे होते. ही कल्पनाही वर्गातच वाढली आहे. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक जेरार्ड ओ'नील यांनी विद्यार्थ्यांपुढे प्रश्न ठेवला होता की, वाढत्या तांत्रिक संस्कृतीला ग्रहाचा पृष्ठभाग हीच खरोखर योग्य जागा आहे का?

रंगखडू

मी चित्रकला शिकवते, त्यामुळे 'म्हणजे हस्तकला' हे वाक्य लागलं. ज्या मुलाला गुणाकाराची धास्ती आहे, त्याला पहिल्या आठवड्यात तुम्ही गटाबाहेर काढता. तो गप्प बसतो आणि नंतर रंग भरायला उरतो. चित्र आधी असतं तर याच मुलाने विचारलं असतं की घुमटाला दार कुठे आहे. जागेची जाण चित्रातून येते. शंभर माणसं झोपणार कुठे, हे कागदावर बिछाने काढल्याशिवाय कळत नाही. आकडे जरूर घ्या, पण कल्पनेच्या आधी त्यांना उभं करू नका.

मधल्या बाकावरची

विद्यार्थिनीच्या बाजूने लिहिते. शाळेत असताना आम्ही हाच प्रकल्प केला. सहा जणांच्या गटात काम दोघींनी केलं आणि गुण सगळ्यांना सारखे मिळाले. आदल्या रात्री दीड वाजता मी एकटी घुमट चिकटवत होते. विषय अंतराळ असो की नळ, गटात कोणी काय केलं हे शिक्षक विचारणार नसतील तर हा उपक्रम घेऊ नये.

विज्ञानतासिका

मधल्या बाकावरची, तुमचं म्हणणं बिनशर्त मान्य. मी आता प्रत्येकाला एक खातं देते: हवा, पाणी, अन्न, ऊर्जा, किरणोत्सारापासून बचाव, आणि कायदा-कारभार. सादरीकरणात प्रश्न खात्याच्या माणसाला, आणि उत्तर त्यानेच द्यायचं. तरी गळती राहते, हे कबूल.

रंगखडू, 'हस्तकला' हा शब्द मी तुच्छतेने वापरला, तो मागे घेते. बिछान्यांचा मुद्दा मला सुचलाच नव्हता. पुढच्या वेळी पहिल्याच दिवशी एका माणसाची जागा जमिनीवर खडूने आखून घेईन.

जमिनीवरचा, तुमच्या दुसऱ्या मुद्द्याचा मी बराच विचार केला. माझा अनुभव उलटा आहे. मी मुलांना ॲरिझोनातल्या 'बायोस्फीअर २' ची गोष्ट सांगते. १९९१ मध्ये आठ माणसं काचेच्या बंद वास्तूत दोन वर्षांसाठी राहायला गेली. आत शेती होती, झाडं होती, छोटा समुद्रसुद्धा होता. तरी हवेतला ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरून साडेचौदा टक्क्यांच्या आसपास उतरला आणि शेवटी बाहेरून सोडावा लागला. कुठे गेला, हे मुलांना ओळखायला सांगते. त्यांचा संशय माणसांवर जातो, मग झाडांवर. खरं कारण पायाखाली होतं: सेंद्रिय द्रव्याने भरलेल्या मातीतले सूक्ष्मजीव ऑक्सिजन वापरत होते, आणि त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड काँक्रीट शोषून घेत होतं, त्यामुळे तो झाडांपर्यंत परत पोचत नव्हता. हे कळल्यावर 'तिकडे जाऊ' म्हणणारा मुलगा गप्प होतो. बाहेरची माती आपल्यासाठी फुकट किती काम करते, हे त्याला प्रथमच दिसतं. नळाच्या नकाशातून हे दिसलं नसतं.

जमिनीवरचा

गोष्ट चांगली आहे, पण ती पृथ्वीवरचीच आहे. मग तीच शिकवा. आणि एक प्रश्न राहिला: वसाहतीत कोण राहणार, हे मुलं ठरवतात ना? तिथे मला धोका दिसतो. पाटी कोरी मिळाली की माणसं गाळणं सोपं जातं.

कंपासपेटी

आकड्यांवर एक भर. अंतराळ स्थानकात पाण्याचा पुनर्वापर २०२३ मध्ये ९८ टक्क्यांपर्यंत पोचला. माणशी दिवसाला ४ लिटर धरलं तर शंभर माणसांना ४०० लिटर, त्यातलं रोज ८ लिटर जातं. वर्षाला २,९२० लिटर. जमिनीवरचा, तुमचा गळतीचा नकाशा आणि हा हिशेब शेजारी ठेवून बघा.

विज्ञानतासिका

माणसं गाळण्याचा धोका खरा आहे. एका गटाने 'प्रवेशाचे नियम' या खाली पहिलीच ओळ लिहिली होती: फक्त तरुण आणि निरोगी. वर्गात कोणाला काही वावगं वाटलं नाही. मी बोलणार होते, पण त्याआधी दुसऱ्या गटातल्या एका मुलाने, जो एरवी तोंड उघडत नाही, विचारलं, "तिथे गेल्यावर ते म्हातारे झाले की काय करणार?"

गट थांबला. कायदा खातं सांभाळणारी मुलगी म्हणाली, "परत पाठवू." ऊर्जा खात्याने इंधन नाही म्हणून सांगितलं. मग वीस मिनिटं वाद झाला. कोणी रडकुंडीला आलं, कोणी वही मिटली. मी मध्ये पडले नाही. दुसऱ्या दिवशी ती ओळ खोडलेली होती आणि हवेचा हिशेब शंभरऐवजी एकशे तीस माणसांसाठी नव्याने मांडला होता, म्हाताऱ्यांसाठी आणि जन्मणाऱ्या बाळांसाठी. दिवसाला १०९ किलो ऑक्सिजन.

जमिनीवरचा, तुमच्या नळांच्या नकाशाला पुढच्या सत्रात दोन आठवडे देते. मुलांनी आधी आपली इमारत मोजावी, मग वसाहत. मोजणीचा तक्ता कसा आखता ते इथेच टाका.